दोन पावसाळ्यांचा पाला

चांदूर बाजार
मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १७८५ (सन १८६३)

चि. वच्छला हिला, आणि तिला हे पत्र वाचून दाखवणाऱ्या जावईबापू किसनरावांना,

मी जिवंत आहे. तांबडी गाय व्याली. तुझी आत्या पार्बताबाई गुडघ्यांनी बेजार आहे, तोंड मात्र ठणठणीत आहे. खुशाली इथे संपली.

तुझं पत्र कापसाच्या गाडीवाल्याने आणून दिलं. अक्षर जावईबापूंचं, मोठं वळणदार. वखारीतल्या कारकुनाला तेवढं तरी यायलाच हवं.

पंचांसमोर जे ठरलं ते पुन्हा लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणाला विसरायची सोय राहणार नाही. मला मूल तू एकच. जावई घरजावई होऊन राहील, या बोलीवर मी तुझं लग्न लावलं. जावयाने पाच वर्षं माझी भाकर खाल्ली आणि अकोल्याची वखार धरली. मी पंच बसवले, तर तूच मध्ये पडलीस. सगळ्या गावासमोर म्हणालीस, "बाबा, मले दोन दिवाळ्या द्या. तिथं माही बाग लागली त मी तिथंच राहीन. नाही लागली त यायले, तुमच्या जावयाले, घेऊन परत येईन." पंच हसले. मी हसलो नाही, लगेच होय म्हटलं. रिकाम्या जागेत बाग लावणं म्हणजे काय, हे त्या बैठकीत मला एकट्याला ठाऊक होतं.

सात डाळिंबाची रोपं माझ्या वाफ्यातून घेऊन गेलीस. ती जगली म्हणतेस. आत्ताच काय ते, अजून कुंडीत आहेत.

इथे माणसांना कापसाचं वेड लागलं आहे. भगवंतरावाने आजोबाच्या हातचे आंबे तोडले आणि बांधापर्यंत सरकी टोचली. महिनाभर त्याच्या वावरात पाला जळत होता. मी दारात उभा राहून बघितलं. आपल्या घरात पाला जाळत नाहीत, हे तुला सांगायला नको. परवा मधला खड्डा उघडला. तू आणि जानराव गड्याने आंब्याखालचा पाला झाडून भरला होता, तोच. वर दोन पावसाळे गेले. आता त्यात एक पान ओळखू येत नाही, काळी भुसभुशीत माती झाली आहे, मूठ वळली तर वळते आणि सोडली तर सुटते. तुझ्या हातचा खड्डा कधी नासला नाही. जानरावाच्या हातचा नासतो.

अकोल्यातल्या मोर्णा नदीकाठच्या तुझ्या जागेचा कस कापसाने पार उतरला आहे, तिला काय घालू, असं विचारतेस. कळवतो. घाई काय आहे? दोन दिवाळ्या मागून घेतल्या आहेस.

खुशालराव

•

माघ शुद्ध दशमी, शके १७८५

वच्छे,

तू लिहितेस, "बाबा, तुमचा आशीर्वाद पोचला, वाचताना यांचाही गळा भरून आला." मी गेलं पत्र चार वेळा आठवून पाहिलं. आशीर्वाद त्यात नव्हता. भाकर खाऊन पळालेल्या माणसाविषयी एक ओळ होती, ती वाचून गळा भरून यायचं काही कारण नाही.

तेव्हा जावईबापू, आता तुमच्याशी बोलतो. तुम्ही माझी पत्रं बदलून वाचता. कडू तेवढं स्वतः गिळता आणि वर माझ्या तोंडी गूळ घालता. हरकत नाही. उलट मला बरंच झालं. आता मला जे वाटेल ते लिहिता येईल आणि पोरीच्या डोळ्याला पाणी येणार नाही. तुमचं काय व्हायचं ते होवो.

पाल्याचं मात्र नीट वाचून दाखवा. त्यात तुमची अक्कल घालू नका, तुम्हाला त्यातलं काही कळत नाही.

वच्छे, ऐक. फाल्गुनात पळस, निंब, वड झडतील. मिळेल तो पाला गोळा करा. कोरडा, नवा, खडखड वाजणारा. हातभर खोल आळं खणा. पाला त्यात पायाने दाबून भरा, वर चार बोटं माती ओढा आणि रोप थेट त्यात बसवा. पाणी भरपूर. बास. जमीन आपोआप सुधारेल.

खुशालराव

•

आषाढ वद्य द्वितीया, शके १७८६ (सन १८६४)

वच्छे,

तुझी शंका पोचली. "बाबा, आपण तर पाला दोन पावसाळे कुजवत होतो ना?" होय, कुजवत होतो. ती इथली जमीन. मोर्णेकाठच्या जमिनीला ताजाच पाला लागतो. तीस वर्षं बागेत घालवलेल्या बापाला पोरीने पाला शिकवू नये. जावयाला विचार, ते म्हणतील, बाबा लिहितात तेच खरं. म्हणतील की नाही, जावईबापू? तुम्ही माझं सगळं बदलता, पण हे बदलायचा तुम्हाला धीर होणार नाही.

गाडीवाला सांगत होता की जावई तुला अक्षरं शिकवतात. संध्याकाळी ओट्यावर पाटी घेऊन बसता म्हणे, आणि शेजारच्या बाया बघायला येतात. अकोल्यात कापसाचा भाव चढला तसे हेही चाळे चढले. शीक बाई. भाकरी करपल्या तर त्यावर लिहून ठेव, करपल्या म्हणून.

माझी पाठ धरली आहे. पार्बता तेल चोळते आणि चोळता चोळता तुझ्या आठवणी काढते. तेल राहू दे म्हणतो.

खुशालराव

•

कार्तिक वद्य प्रतिपदा, शके १७८६

वच्छे,

एक दिवाळी गेली.

सातांतली चार डाळिंबं गेली म्हणतेस. आधी पानं पिवळी पडली, मग हात लावला तर रोप मुळासकट हातात आलं, मूळ असं राहिलंच नव्हतं. आळं उकरलं तर बोटभर पांढऱ्या अळ्या, वेटोळं करून बसलेल्या. ती हुमणी. तुला ठाऊक आहे ती, लहानपणी कोंबड्यांना वेचून घालायचीस. आता तिथेही वेचतेस, भांड्यात भरतेस, हाताला घाण वास येतो असं लिहितेस. वाईट वाटलं.

हुमणी कशाने लागली? हाताच्या गुणाने. आळी कोणी खणली? जावयाने. दिवसभर कापसाच्या गाठी मोजणारा हात तो, त्याला झाड कसं लागावं? त्यांना म्हणावं, पाला कमी पडला. पुढच्या खेपेला दुप्पट घाला.

जावईबापू, वरचं "वाईट वाटलं" एवढं तुम्ही न बदलता वाचा. ते मी खास तुमच्यासाठी सोपं करून ठेवलं आहे.

खुशालराव

•

वैशाख शुद्ध अष्टमी, शके १७८७ (सन १८६५)

जावईबापू,

काल तुम्ही इथून गेलात. घरी जाऊन काय सांगाल ते मला पाठ आहे. बाबांनी पोटाशी धरलं, जेवू घातलं, पोरीसाठी दोन पोती पाला दिला. म्हणून घडलं ते लिहून पाठवतो. हिंमत असेल तर वाचून दाखवा.

तुम्ही पायी आलात, बडनेऱ्यापासून. जोडा फाटला होता. वखारीचा धनी बुडाला, तिकडे अमेरिकेतली लढाई संपली आणि कापूस मातीमोल झाला, हे तुम्ही सांगायच्या आधीच मला ठाऊक होतं. तुम्ही नोकरी मागायला आला नाहीत, हे मात्र मला खटकलं. मी उत्तराची तयारी करून ठेवली होती. पण तुम्ही ओट्यावर बसलात आणि म्हणालात, "मामंजी, मले काही नोको. पिकलेल्या खड्ड्यातलं एक पोतं द्या फक्त. तिची तीन झाडं उरली हायेत. रोज सकाळी उठून पाहते ती, हायेत का गेले म्हणून."

मी तुम्हाला बागेत नेलं. मधला खड्डा जानरावाकडून उघडवला. तुम्हाला म्हटलं, हात घाला. तुम्ही दोन्ही ओंजळी भरून घेतल्यात. वास घेतलात. तुमचं तोंड असं झालं, जसं दहा दिवसांच्या उपाशी माणसाला भाताचं पातेलं दाखवावं. मी तुम्हाला पोटभर बघू दिलं. मग म्हटलं, "आता हात इथंच झाडा."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी पुन्हा म्हटलं. तुम्ही झाडलेत. नीट झाडलेत, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. जानरावाने मान फिरवली, त्याला मी मागाहून बघून घेतलं. आणि आंब्याखालचा कालचाच गळलेला पाला दोन पोत्यांत भरून तुमच्या डोक्यावर दिला. तुम्ही "उपकार झाले" म्हणालात.

मला एकच सांगा, इतकं गिळून तुमच्या पोटात राहतं कसं?

खुशालराव

•

कार्तिक शुद्ध नवमी, शके १७८७

जावईबापू,

दुसरी दिवाळी झाली. तुमचं पत्र मिळालं. एक सोडून सगळी झाडं गेली, वच्छला बोलली होती तशी निघायला तयार आहे, तिने बोचकी बांधली, तुम्ही अमरावतीला कोणाकडे कामाचं बघून येता आणि मग दोघे इकडे येता. घरजावई व्हायला तयार आहात. तुमच्या अक्षराचं वळण या खेपेला थोडं बिघडलं आहे.

या पत्रातलं वच्छलेला काय वाचून दाखवायचं ते आधी सांगतो. तिला सांगा, माजघर सारवून ठेवलं आहे. तिचा पाळणा माळ्यावरून काढला आहे, लागला तर असावा. आणि सांगा की माझी छाती भरते. वैद्य म्हणतो, पुढचा पावसाळा माझा शेवटचा. तो मला तिच्या हातचं पाणी पिऊन काढायचा आहे. हे खरं आहे. यात तुम्हाला काही बदलायला नको.

आता तुमच्यासाठी. दोन वर्षं मी हे पोटात ठेवलं, आता सांगायला हरकत नाही.

कच्चा पाला मुळाशी गाडला की तो जमिनीत तापतो. झाडाचा घास तोच खाऊन टाकतो, पानं पिवळी पडतात आणि वासाने हुमणी चढते. माझ्या बागेतलं शेंबडं पोरही हे सांगेल. म्हणून तर खड्डा दोन पावसाळे झाकतात. ते पत्र लिहून मी मोठ्याने वाचलं, तेव्हा पार्बता चुलीपासून उठून आली. म्हणाली, "काहून रे दादा, कच्चा पाला सांगून राहिला तू पोरीले? तिची झाडं मरतीन ना!" मी म्हटलं, तेच तर पाहिजे. ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी जेवली.

माझी प्रत्येक ओळ तुम्ही पुसलीत आणि तिथे आपली लिहिलीत. एवढी एकच जशीच्या तशी तिच्या कानात घातलीत. मी सांगितलं तसं खणलंत, मी सांगितलं तसं पायाने दाबलंत. तिची झाडं तुमच्या हातांनी मेली, किसनराव. आता माझ्या ताटात जेवताना हे रोज आठवत जा.

आणि हे तुम्ही तिला सांगणार नाही, मला खात्री आहे. तुमचा स्वभावच चांगला. माझा सगळा भरवसा त्याच्यावरच आहे.

लवकर या. जानरावाला खड्डे भरता येत नाहीत.

खुशालराव

•

अकोला
मार्गशीर्ष शुद्ध तृतीया

बाबा,

मी वच्छला. हे माह्या हातचं अक्षर हाये. मले लिहाले येते पण पुस्तकासारखं येत नाही. जशी बोलते तशी लिहून राहिली.

तुमचं पत्र आलं तवा हे अमरावतीले गेले होते. गाडीवाला म्हणे, ठेवून द्या, ते आल्यावर वाचतीन. मी म्हटलं, मी वाचतो ना. मले लई आनंद झाला होता बाबा. पहिलं पत्र होतं, जे मी माह्या डोयानं वाचणार होती. बोचकं तसंच टाकून, दिवा लावायच्या आधीच्या उजेडात बसली. एक एक अक्षर जोडत वाचलं. म्हणून बराच येळ लागला, आन सगळं नीट समजलं.

मंग यायच्या पेटीतली जुनी पत्रं काढली. बापाची पत्रं फेकत नसतात म्हणून यायनं फडक्यात बांधून ठेवली होती. तीन दिवस लागले मले. मी रडली नाही. रडली ते नंतर. यायनं मले दोन वर्सं जे बाबा वाचून दाखवले ते मले फार आवडत होते. ते म्हणत, पोरी, माह्या बागेत तुह्यावाचून पाखरू बसत नाही. ते म्हणत, जावई सोन्यासारखा भेटला. ते बाबा मेले असं समजून रडली मी.

हे आले तवा मी पत्र पुढं ठेवलं. ते खाली बसले. म्हणाले, "वच्छला, पाल्याचं मले खरंच माईत नव्हतं." मी म्हटलं, मले माईत होतं. बाबा, मी विचारलं होतं तुमाले, दोन पावसाळ्याचं. तुमी खोटं बोलले आन मी माह्या डोक्यापेक्षा तुमाले खरं मानलं. झाडं मीच मारली. यायनं नाही.

एक झाड उरलं ते कसं उरलं सांगतो. वैशाखात हे तुमच्याकडून आले तवा म्हणाले, बाबानं पोटाशी धरलं. पण यायच्या नखात काळी माती होती. मी वास घेतला. आपल्या मधल्या खड्ड्याचा वास मी झोपेत ओयखीन. मी काडीनं सगळी नखं कोरली आन ती चिमूटभर माती एका डाळिंबाले घातली. त्याच्या आळ्यातला तुमचा पाला पहिले काढून फेकला. तेवढ्या मातीनं झाड जगत नसते, मले समजते. पण ते जगलं. औंदा त्याले दोन फुलं आली.

तवा बाग लागली बाबा. एका झाडाची का असंना. पंचायले सांगा. बोली पुरी झाली, मी येत नाही.

यायले रेल्वेच्या मालधक्क्यावर काम भेटलं. आमी मागच्या आंगणात खड्डा खणला, कंबरभर. खाली पळसाचा पाला, वर निंबाचा, मधात तुमची सगळी पत्रं. हे जाळू म्हणत होते. मी म्हटलं, आपल्या घरात जाळत नसतात. पाणी मारलं, शेणकाला टाकला, मातीनं लिपून घेतलं. दोन पावसाळे जाऊ देईन. मंग उघडून पाहीन. तुमच्या लिहिण्यातलं एक अक्षर ओयखू आलं नाही, त तुमाले भेटाले येईन.

वैद्य एकच पावसाळा म्हणते, असं लिहिलं तुमी. मी दोन थांबीन. तुमीच शिकवलं मले थांबणं. तुमी मले दोन दिवाळ्या देल्या होत्या, मी तुमाले दोन पावसाळे देतो.

आत्याले माहा नमस्कार सांगा. तिनं दोन दिवस अन्न सोडलं, ते मले पोचलं. जानराव काकाले मारू नका.

हे पत्र मी यायले वाचून दाखवलं. पुरं ऐकून म्हणाले, "शेवटी बाबाले नमस्कार लिही, थकले हायेत ते." मी कागद पुढं धरून नमस्कार वाचून दाखवला. यायले बरं वाटलं.

लिहिला नाही.

वच्छला किसनराव